दीड फौजदार

"श्वास आत घ्या मनलं, तं हे बाहेर सोडून राह्यले," पंचफुलाबाई ओठांत टाचणी धरून पुटपुटल्या. "वर्दी बेतून राह्यली का गव्हाचं पोतं शिवून राह्यली, काई समजत नाई बाप्पा."

त्या स्वतःशीच बोलल्या होत्या. पण त्यांचं डोकं मदनसिंगच्या पोटापासून चार बोटांवर होतं, तेव्हा त्याला ऐकू जाणं भागच होतं. मदनसिंगने चेहरा कोरा ठेवला. सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला ही विद्या यावीच लागते. रिसोडहून निघालेली गाडी शिरपूरला लागेपर्यंत कंडक्टर जेवढं ऐकतो तेवढं सगळं मनावर घेतलं असतं, तर तो पहिल्याच वर्षी संन्यासी झाला असता.

शर्ट त्याचाच होता, नोकरीतला. निवृत्तीनंतर दोन वर्षं डांबराच्या गोळ्यांसोबत पेटीत पडून होता. आता त्याची बटणं दोन बोटं पुढे सरकत होती आणि खांद्यावर दोन-दोन चांदण्या चढत होत्या, कारण मदनसिंग फौजदार झाला होता. म्हणजे पिक्चरमध्ये.

पलीकडे बाजेवर दुसरा फौजदार बसला होता. जगदेव, पंचफुलाबाईंचा नवरा. तो केव्हाच तयार होता. उंच, सरळ पाठीचा, अंगावर ड्रायव्हरकीची जुनी खाकी. ती कुठेही सैल करावी लागली नव्हती, आणि हे त्याने सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं. पायातले बूट त्याने स्वतः घासले होते. डाव्या बुटाला काळं पॉलिश लागलं होतं आणि उजव्याला तपकिरी. पंचफुलाबाईंनी ते पाहिलं होतं, मदनसिंगनेही पाहिलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पंचफुलाबाईंनी पुन्हा सुई ओवली.

"मदन्या, लय रुबाबदार दिसून राह्यला लेका," जगदेव म्हणाला. तो मदनसिंगच्या शेजारच्या खांबाकडे बघून म्हणाला.

"तुह्याइतका नाई," मदनसिंग म्हणाला, आणि दोन पावलं सरकून खांबापुढे जाऊन उभा राहिला.

हा पिक्चरचा घाट पवनचा. पवन रिसोडचा. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, पण जीव पिक्चरमध्ये. पुण्यात सहा वर्षं काढून तो मागच्या दिवाळीत परत आला होता आणि आल्यापासून वऱ्हाडी बोलीतले दोन-दोन मिनिटांचे गमतीचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकत होता. लोक हसत होते. आता त्याला पूर्ण पिक्चर करायचा होता, तासाभराचा, मारामारीचा आणि हसण्याचा. लहानपणापासून त्याने एकाच जातीचे पिक्चर जिवापाड पाहिले होते: दोन पोलीस असतात, एक तापट आणि एक थंड, दोघांचं एक मिनिट पटत नाही, मोठा साहेब त्यांना शिव्या देऊन घरी बसवतो, मग ते दोघंच जाऊन सगळे गुंड पकडतात, आणि मागे स्फोट होत असताना वळूनही न बघता चालत येतात. तशा सगळ्या पिक्चरांना मदनसिंग-जगदेवच्या रिठद गावाच्या शिवारातून एक रामराम घालायचा, असं त्याने ठरवलं होतं. गोष्ट साधी होती. विहिरींवरच्या मोटारी चोरणारी टोळी आणि तिच्या मागे लागलेले दोन फौजदार. नाव ठेवलं 'दीड फौजदार'. जगदेव एक, बुटका मदनसिंग अर्धा.

फौजदारांसाठी नट शोधायला तो कुठे गेलाच नाही. शाळेत असताना तो याच दोघांच्या गाडीने यायचा-जायचा. गाडी उशिरा का सुटली, यावर ड्रायव्हर आणि कंडक्टर रिसोडपासून जे भांडायला लागायचे ते शिरपूरच्या जैन मंदिराचा कळस दिसेपर्यंत. ड्रायव्हर मागे न बघता भांडायचा, कंडक्टर पुढे न बघता. जैन यात्रेकरू घाबरून जप करायला लागायचे. आणि शिरपूरला उतरलं की हे दोघे एकाच कपातला चहा अर्धा-अर्धा बशीत ओतून प्यायचे. पवनच्या मते जगात कुठल्याही पिक्चरमध्ये असली जोडी झाली नव्हती.

एवढं सगळं त्याला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी, गाडी डेपोतून काढायच्या आधीच, जगदेवने चावी मदनसिंगच्या हातात ठेवली आणि गुडघे गेले म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने स्वेच्छेने निवृत्तीचा अर्ज दिला. गुडघे, एवढंच कारण. खरं तर मुदतीआधी गुडघे गेले होते ते मदनसिंगचे. जगदेव तर शेताच्या बांधावर पोरासारखा चढत होता. पण गावाने गुडघे मान्य केले. जो भेटेल तो गुडघ्यांची चौकशी करी. पंचफुलाबाई रोज संध्याकाळी ओट्यावर, रस्त्यावरून दिसेल अशा बेताने, नवऱ्याच्या धडधाकट गुडघ्यांना तेल चोळत. अकोल्याच्या डॉक्टरने दिलेले थेंब मात्र त्या आत, दार लोटून घालत. काचबिंदू म्हणाला होता डॉक्टर. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. उरलेली म्हणजे उजेड, सावली आणि हलणारं काहीतरी.

आणि गावात एक रीत पडली. कोणी पाडली सांगता येत नाही, बैठक वगैरे काही झाली नाही. पण जगदेव रस्त्याने दिसला की समोरचा माणूस आधी स्वतःचं नाव सांगे. "जगदेवभाऊ, मी रविकांत, राम राम." "मामंजी, मी शीला, शाळेत चालली." तरणी पोरं दुरूनच ओरडत, "आजोबा, मी शिवम." म्हातारी केशरबाई, जिचा आवाज चार शेतांवरून ओळखू येई, तीही न चुकता म्हणे, मी केशर आहे बरं का. जगदेवही प्रत्येकाला नावानिशी रामराम करी. असं करता करता तीन वर्षं निघाली. त्या एका शब्दाला कोणी हात लावला नाही, जसं घरात झोपलेल्या माणसाच्या अंगावरून कोणी जात नाही.

पवनने ही रीत पाहिली आणि तो वेडा झाला. काय गाव आहे, म्हणाला, माणूस आधी नाव सांगतो मग बोलतो. त्याने ते तसंच उचलून पिक्चरमध्ये घातलं. त्यामुळे पिक्चरमध्ये जो कोणी जगदेव फौजदारासमोर येतो तो आधी आपलं नाव सांगतो. विहिरीवरून मोटार खांद्यावर घेऊन पळणारा चोरसुद्धा थांबून म्हणतो, "राम राम साहेब, मी शिवम, चोर," आणि मग पळतो. हे ऐकून पहिल्या दिवशी सगळं रिठद पोट धरून हसलं. जगदेवही हसला. कोणाकोणाचे डोळे हसता हसता भरून आले, ते पवनला खूप हसल्यामुळे वाटले.

आता खरं सांगायचं, तर त्या चार दिवसांत गावाला दुसरं काम सुचत नव्हतं. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायला अवकाश होता. पवनची बहीण निकिता कॅमेरा धरायची आणि सगळ्यांना गप्प करायची. ती वाशिमला कॉलेजात शिकत होती, आणि तिच्या एका "शांत रहा" ला गावातली कुत्रीही ऐकत होती. मदनसिंग इतका रंगात आला होता की चोराला जीपमध्ये कोंबताना त्याच्या तोंडून आपोआप "मागे जागा आहे, सरका" निघालं. पवनने ते ठेवलं. मग मदनसिंगने प्रत्येक ठिकाणी तेच म्हणायला सुरुवात केली, चोर एकटाच असला तरी.

स्फोटाच्या प्रसंगासाठी सोयाबीनच्या कुटाराचा, मळणीत उरलेल्या भुशाचा, ढीग पेटवला. दोन्ही फौजदारांनी त्याच्यापुढून चालत यायचं, मागे वळून बघायचं नाही. मदनसिंगने सहा वेळा मागे बघितलं. त्याचा इलाज नव्हता. कंडक्टरची मानच तशी झालेली असते. मागे काही झालं आणि आपण बघितलं नाही, हे त्याला जमतच नाही. जगदेव मात्र एकदाही वळला नाही. पापणी न हलवता, आगीच्या उजेडात, कॅमेऱ्याच्या पार पलीकडे बघत चालत आला. पवन निकिताला म्हणाला, याला म्हणतात नजर. इतकी वर्षं हा माणूस बस चालवत होता, पिक्चरचं नुकसान झालं.

मदनसिंग तेव्हा खाली बसून बुटाचे बंद बांधत होता. बंद बांधलेलेच होते.

तिसऱ्या दिवशी साहेबाचा प्रसंग होता. मोठा साहेब दोघांना बोलावून शिव्या घालतो, बिल्ले काढून घेतो आणि घरी पाठवतो. साहेब पंचफुलाबाई झाल्या होत्या. पवनने आधी रिसोडचा एक मिशीवाला नट सांगितला होता, पण वर्दीची बटणं लावताना त्या मदनसिंगला जे बोलल्या ते त्याच्या कानावर आलं आणि त्याने मिशीवाल्याला नको म्हणून कळवलं. शाळेच्या ऑफिसात टेबल मांडलं. पंचफुलाबाई काठाच्या लुगड्यावर पोलिसी टोपी घालून बसल्या. खिडकीत गाव लटकलं होतं.

त्यांनी बोलायचं होतं ते एवढंच की बिल्ले ठेवा आणि उद्यापासून ड्युटीवर येऊ नका. पहिल्या झटक्यात त्यांनी मदनसिंगला असं झाडलं, त्याच्या पोटापासून ते त्याच्या सुपारीपर्यंत, की खिडकीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. मग त्या जगदेवकडे वळल्या आणि लिहिलेलं विसरल्या.

"चाबी द्या इकडं," त्या म्हणाल्या. "आजपासून गाडीले हात लावाचा नाई. लोकाईचे लेकरं हायेत रस्त्यावर. आयकू आलं का तुमाले?"

जगदेवने बिल्ला टेबलावर आपटायचा होता. त्याने आपटला नाही. आधी डाव्या हाताने टेबलाची कड शोधली, मग उजव्या हाताने बिल्ला त्या कडेशी हळूच ठेवला.

"आलं साहेब," तो म्हणाला.

पवनने आनंदाने निकिताच्या पाठीत धपका घातला. इतक्या वर्षांत त्याने असला प्रसंग पाहिला नव्हता, कुठल्याच भाषेत. पंचफुलाबाई टोपी काढून हापशीवर गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत बसल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, टोपीनं लय घाम येते.

त्या दिवशीच ठरलं होतं की शेवटचा पाठलाग उद्या. जीप रविकांतची, रिसोड-रिठद सवारी मारणारी. चालवणार जगदेव. पवनला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं; बावीस वर्षं बस चालवलेला माणूस घरात असताना दुसऱ्याला कशाला बसवायचं?

हे ऐकल्यावर रविकांतच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फक्त सांगितलं की ब्रेक जरा नरम आहेत. जगदेव जाऊन जीपमध्ये बसला, ब्रेक दाबून पाहिले, मस्त आहेत म्हणाला. मग रविकांतला आठवलं की बॅटरी उतरली आहे. जगदेवने चावी फिरवली, जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. रविकांत म्हणाला डिझेल नाही. जगदेवने टाकीवर बोटांनी वाजवून पाहिलं आणि अर्धी आहे म्हणून सांगितलं. शेवटी रविकांत मदनसिंगजवळ आला, नुसता उभा राहिला, आणि "मदनभाऊ" एवढंच म्हणाला. मदनसिंगने मान हलवली. ती हो होती की नाही, हे रविकांतला कळलं नाही. मदनसिंगलाही कळलं नव्हतं.

कारण त्याने जगदेवला पाहिलं होतं. जीपभोवती जगदेवने चार चकरा मारल्या. हात टपावरून, दारावरून, बॉनेटवरून फिरवत. चाकाला लाथ मारून हवा पाहिली. आरशाची काच रुमालाने पुसली. काच पुसली, आणि मग थोडं मागे सरून त्या काचेत बघितलंही. तीन वर्षांत गाडीचं स्टिअरिंग हातात आलं नव्हतं, आणि आता त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मदनसिंगने त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"उद्या तू डाव्या बाजूले बसजो," जगदेव म्हणाला.

"कंडक्टर मांगं बसते."

"फौजदार हायेस तू. समोर बस. अन् तोंड चालू ठेवजो."

"कधी बंद होतं माहं तोंड?"

"म्हणूनच मनलं," जगदेव म्हणाला, आणि पुन्हा एकदा जीपभोवती गेला.

या विषयावर त्या दोघांचं आयुष्यात एवढंच बोलणं झालं होतं.

सकाळी नऊलाच रविकांतच्या वावरात जत्रा जमली. साडेतीन एकर, सपाट, सोयाबीन निघून गेलेलं, खुंट तेवढे उरलेले. बांधावर गाव बसलं होतं, रिसोडहूनही दोन जीप भरून पोरं आली होती. कोणीतरी कढईभर भजी मांडली होती. वावराच्या मध्यावर कुटाराचा मोठा ढीग केला होता. जीपने तो फोडून पार व्हायचं आणि पलीकडच्या बाभळीच्या आधी थांबायचं. पुढे चोर मोटारसायकलवर. शिवम मोटारसायकलचं सायलेन्सर काढून आला होता. पवनने सांगितलं नव्हतं. का काढलं विचारलं तर म्हणाला, आवाज भारी येते. तो कोणाकडेही न बघता म्हणाला.

मदनसिंग डावीकडे बसला आणि त्याला चमत्कारिक वाटलं. सव्वीस वर्षांत त्याने रिसोड-शिरपूर रस्ता इतक्या वेळा तुडवला होता, पण तो कधी रस्त्याकडे तोंड करून बसला नव्हता. माणसं पाहिली, तिकिटं पाहिली, मागचं दार पाहिलं. समोर बघायचं काम जगदेवचं होतं. आज समोर पाहिल्यावर जमीन कशी अंगावर येते, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

निकिता ओरडली, शांत रहा. पवन ओरडला, चला.

मदनसिंगने हातातल्या चांदीच्या कड्याने दाराच्या पत्र्यावर दोन टोले दिले. टण टण. डबल बेल. जगदेवने गियर टाकला आणि जीप अशी निघाली की मागे बसलेल्या निकिताचं कॅमेऱ्यासकट डोकं टपाला लागलं.

पुढचं जे झालं ते भांडण होतं. लिहिलेलं भांडण दोन ओळींचं होतं. यांनी आपलं घातलं. मदनसिंग म्हणाला, डावीकडं घे लेका, बाप गेला होता का उजवीकडं. जगदेव म्हणाला, गाडी कोण चालवून राह्यलं, तू का मी. मदनसिंग म्हणाला, चालवून राह्यला का नांगरून राह्यला, सरळ कर. सरळच हाये. अजून सरळ. पुढे शिवमची मोटारसायकल फाटक्या ढोलासारखी वाजत होती आणि जगदेवचा कान त्या आवाजाला चिकटला होता, जसा पूर्वी डोळा रस्त्याला चिकटायचा. त्याचे हात स्टिअरिंगवर असे फिरत होते की मदनसिंग क्षणभर भांडायचं विसरला.

"बोल ना बे," जगदेव दातांतून म्हणाला.

"कुटार येऊन राह्यलं. अंगावर घे. आता."

ढीग फुटला. सगळं आभाळ पिवळं झालं. कुटार नाकात, तोंडात, चांदण्यांत. त्या पिवळ्यातच मदनसिंगने पत्र्यावर एक टोला दिला आणि जीप बाभळीपासून एका बैलाच्या अंतरावर येऊन उभी राहिली.

बांधावरचं गाव उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, कढईतली भजी करपली तरी कोणाला पत्ता नाही. केशरबाईने हातातला पदर हवेत फिरवला. निकिता मागून रडत-हसत बाहेर आली आणि सगळं आलं, सगळं आलं म्हणून ओरडायला लागली. जगदेव स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होता, आवाज न करता, खांदे हलवत. मदनसिंगही हसत होता. त्याचा शर्ट पोटावर फाटला होता, पंचफुलाबाईंची दोन्ही बटणं कुठे उडाली होती देव जाणे. तो मनात म्हणाला, झालं. कोणाला काही बोलावं लागलं नाही आणि झालं.

त्याच वेळी पवन पळत आला. त्याचे डोळे चमकत होते. त्याला आत्ताच, या क्षणी, एक प्रसंग सुचला होता. पाठलागात मदनसिंग जीपमधून खाली पडतो. जगदेव एकटाच पुढे जातो. मग त्याला मित्र आठवतो, तो जीप वळवतो आणि भरधाव परत येतो. मदनसिंग वावराच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा. जीप त्याच्या छातीपासून एका हातावर येऊन थांबते. कोणी काही बोलायचं नाही. आवाजही नको, मोटारसायकलही नको. तिथे फक्त संगीत, ते नंतर टाकू. मागे निकिताही बसणार नाही, कॅमेरा बॉनेटवर बांधायचा.

"जमंल ना काका?" पवनने जगदेवला विचारलं. मग स्वतःच म्हणाला, की तुम्हाला काय विचारायचं.

बांधावर त्याचे शब्द पोचले होते. एक एक करून माणसं खाली बसली. रविकांत शिवमकडे बघत होता, शिवम सायलेन्सरकडे. पंचफुलाबाई डबा घेऊन आल्या होत्या, तो त्यांनी खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. त्या मदनसिंगकडे बघत होत्या. सगळेच मदनसिंगकडे बघत होते. हे सांगायचं तर त्यानेच सांगायला हवं होतं, हे सगळ्यांनी न ठरवता ठरवून टाकलं होतं.

मदनसिंगने तोंड उघडलं. जगदेव अजून हसत होता, कपाळाला कुटार चिकटलेलं. तो चाळीस वर्षांचा दिसत होता.

"कुठं उभं राहू?" मदनसिंगने पवनला विचारलं.

पवनने जागा दाखवली. मदनसिंग निघाला. चालता चालता त्याने हिशेब केला, की शेवटी उडी मारता येईल. मग त्याला स्वतःचे गुडघे आठवले. मग त्याने ठरवलं की खोकत राहावं, कॅमेऱ्यात खोकला काही दिसत नाही. मग त्याने ठरवलं की काही ठरवू नये. पन्नास पावलांवर जाऊन तो वळला, पायांखालचे खुंट पाहून घेतले आणि दोन्ही हात पसरले. शर्टाच्या फटीतून पोटावर ऊन लागत होतं.

जगदेवने जीप मागे घेतली, वळवली, तोंड मदनसिंगकडे केलं. साधारण केलं. दोन हात उजवीकडे.

निकिता म्हणाली, शांत रहा. तशी गरज नव्हती. पवन म्हणाला, चला.

इंजिन चालू होतं. जीप हलली नाही.

पवनने पुन्हा चला म्हटलं. जगदेवने डोकं थोडं कलतं केलं, ऐकण्यासाठी. मदनसिंग खोकला, पण वारा त्याच्या अंगावरून बांधाकडे वाहत होता. जगदेवने एकदा क्लच दाबला. सोडला. मग चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि दार उघडून खाली उतरला. बॉनेटवर हात ठेवून तो समोर आला आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात उभा राहिला.

"पवन कुठी हाये?" त्याने विचारलं.

"मी इथं, काका."

"पवन, मले दिसत नाई."

पवनने वर सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ऊन डोळ्यांवर येतंय का, जीप फिरवून घेऊ, पाच मिनिटांचं काम आहे. निकिताने त्याचा दंड धरला. वावराच्या मधोमध मदनसिंग हात पसरून तसाच उभा होता.

"उनाचं नाई रे बाबू," जगदेव म्हणाला. "माहे डोळे गेले. तीन सालं झाले. गावाले माहीत हाये, पंचफुलाले तं माह्या आंधीपासून माहीत हाये. तुलेच कोनी सांगतलं नाई." त्याने बॉनेटवरचं कुटार हाताने झाडलं. "तिकडं मदन उभा हाये, एवढं मले माहीत हाये. पण कुठी हाये, ते दिसत नाई."